धक्का, कमान आणि कुटुंबाची गाडी



मी इतिहासाचा प्राध्यापक. लढाया, तह आणि सनावळ्या हे माझे रोजचे काम. तेव्हा मोटारीच्या स्प्रिंगांवर हा गृहस्थ काय बोलणार, असे आपल्याला वाटेल. पण प्रश्न घरातून आला आणि त्याचे उत्तर शोधताना मी पुन्हा इतिहासातच जाऊन पोहोचलो. ती हकीकत आज सांगायची आहे.

माझा धाकटा भाऊ गावी शेती पाहतो. घरात आठ माणसे, त्यांत सत्तरी ओलांडलेली आई. सगळ्यांना मिळून कुठे जाता यावे म्हणून त्याने एक जुनी, सात आसनांची गाडी घेतली. मागच्या बाजूला पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमान. पुढच्या बाजूला वळ्यांची स्प्रिंग. माणसे आणि सामान भरले की गाडी मागे बसे. एका मेस्त्रीने सांगितले, "पाटे कमजोर आहेत, दोन पाटे वाढवून टाका." भावाने वाढवले. गाडी मागून चार बोटे उंच झाली. सगळे खूष.

पुढे एक दिवस भाऊ आईला दवाखान्यातून घेऊन येत होता. गाडीत दोघेच. घाटातल्या एका वळणावर थोडी खडी पसरली होती. गाडीचा मागचा भाग उडाला, बाजूला सरकला आणि गाडी कठड्याला घासत जाऊन थांबली. देवाची कृपा, आईच्या मनगटावर निभावले. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "अरे, माझ्या लग्नातली बैलगाडी बरी होती. ती निदान हळू तरी चालायची."

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा भावाने विचारले, "दादा, आता करू तरी काय? एक जण म्हणतो नवे शॉकअप टाक, दुसरा म्हणतो रबर घाल, तिसरा म्हणतो हवेच्या पिशव्या बसव. तू एवढी पुस्तकं वाचतोस, तूच सांग."

मंडळी, हा प्रश्न आज अनेक घरांत आहे. म्हणून थोडे मागे जाऊ.

आईने आठवण काढली त्या बैलगाडीपासूनच सुरुवात करू. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, दोन चाकांमध्ये आस आणि आसावर थेट गाडीचा साटा. चाक दगडावर चढले की साटा चढला, चाक खड्ड्यात गेले की साटा गेला. मध्ये धक्का खाणारे दुसरे काही नाही. आपल्या आजीने त्यावर उपाय शोधला होता. गाडीत भरपूर गवत किंवा कडबा पसरायचा, त्यावर घोंगडे आणि घोंगड्यावर गोधडी. हीच आपली पहिली स्प्रिंग! बैलाची चाल तासाला तीन-चार किलोमीटर, म्हणून तेवढ्याने भागत असे. एक गोष्ट येथेच लक्षात ठेवावी. वेग वाढला की धक्का नुसता वाढत नाही, तो असह्य होतो. गाड्यांचा सारा इतिहास म्हणजे वेग आणि धक्का यांच्यातला झगडा आहे.

युरोपातल्या लोकांनी हा प्रश्न आधी टांगून सोडवला. गाडीची पेटी चाकांच्या सांगाड्यावर न ठेवता ती कातड्याच्या जाड पट्ट्यांनी लोंबती ठेवायची, पाळण्यासारखी. हंगेरी देशात कोच नावाचे एक खेडे आहे. तेथील गाड्या पंधराव्या शतकापासून प्रसिद्ध झाल्या आणि त्या खेड्याच्या नावावरून इंग्रजी 'कोच' हा शब्द आला. आपण कोचवान म्हणतो, तो शब्द मुळात त्या खेड्याचा पत्ता सांगतो. कातडी पट्ट्यांची ही रीत फार काळ टिकली. अमेरिकेत १८२७ पासून न्यू हॅम्पशायर प्रांतातील कॉन्कर्ड गावी ज्या टपालगाड्या बनू लागल्या, त्यांची पेटीही कातड्याच्या पट्ट्यांवरच झुलत असे. पण पाळण्याला एक खोड असते. तो एकदा झुलू लागला की लवकर थांबत नाही. आत बसलेल्या माणसाचे हाड वाचे, पण पोट ढवळून निघे. ही खोड विसरू नका. पुढे सगळा खेळ तिचाच आहे.

सतराव्या शतकात लोखंडी व पोलादी स्प्रिंगांचे प्रयोग सुरू झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीत १६६५ च्या सुमारास स्प्रिंगा लावलेल्या गाड्यांची परीक्षा पाहिली गेली. त्याच संस्थेतील रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७६ मध्ये स्प्रिंगेचा नियम अक्षरांच्या कोड्यात लपवून प्रसिद्ध केला आणि १६७८ मध्ये ते कोडे उलगडून सांगितले. नियम साधा आहे: जेवढा जोर, तेवढी ताण. दहा किलोने एक बोट दबली, तर वीस किलोने दोन बोटे दबेल. शाळेत शिक्षक हा नियम शिकवतात तेव्हा मुलांना तो तराजूपुरता वाटतो. पण आपली गाडी किती बसते, किती हिंदकळते, हे सारे त्या एका ओळीत आहे.

त्यानंतरचे मोठे पाऊल १८०४ चे. इंग्लंडमधील ओबेदाया एलियट या गाडी बनवणाऱ्याने दोन कमानी एकमेकींसमोर ठेवून, टोकांना जोडून डोळ्याच्या आकाराची स्प्रिंग केली आणि तिचे पेटंट घेतले. एक कमान आसावर, दुसरी पेटीखाली. त्यामुळे गाडीच्या पोटाखालचा लांब, जड लाकडी दांडा काढून टाकता आला. गाडी हलकी झाली आणि बुटकीही झाली. एकावर एक पोलादी पट्ट्या रचलेली ही कमान म्हणजेच आजचे पाटे. आपल्या एस्.टी.च्या बसला, मालट्रकला आणि माझ्या भावाच्या गाडीला जी कमान आहे, तिचा वंश असा जुना आहे.

स्प्रिंगेबरोबर रस्ताही सुधारावा लागतो. मॅकॅडम हा स्कॉटिश गृहस्थ १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या रस्त्यांचा अधिकारी झाला आणि खडी फोडून, थरावर थर दाबून रस्ते करण्याची त्याची रीत जगभर पसरली. आपल्याकडे १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. त्याआधी घाटात माल बैलांच्या पाठीवरून जाई. नंतर चाके घाट चढू लागली. ज्या रस्त्यावर चाक चालत नाही, तेथे स्प्रिंगेचा उपयोग काय? म्हणून गाडीची चौकशी करणाऱ्याने आधी रस्त्याची चौकशी करावी. आपण रोज कोणत्या रस्त्याने जातो, हा पहिला प्रश्न.

आता चाकाकडे वळू. १८४५ मध्ये रॉबर्ट टॉमसन याने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले, पण लोकांना ते पटले नाही आणि ती कल्पना मागे पडली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा केली. हा डनलॉप धंद्याने जनावरांचा डॉक्टर होता, हे ऐकून आपल्या गावच्या पशुवैद्यांना आनंद होईल. १८९५ मध्ये मिशलँ बंधूंनी पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार पळवली. आपल्या साखर कारखान्यांच्या मुलखात रबरी चाकांच्या बैलगाडीला लोक टायरगाडी म्हणतात. कुठे कुठे डनलॉपही म्हणतात. पाहा, बेलफास्टच्या पशुवैद्याचे नाव पुन्हा बैलांपाशी येऊन थांबले! यातला व्यवहाराचा भाग असा की, टायरातली हवा ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे. तिला पैसे पडत नाहीत. पुष्कळांची 'कडक' गाडी ही प्रत्यक्षात जास्त हवा भरलेली गाडी असते.

मोटार आली आणि वेग तासाला पन्नास-साठ किलोमीटरवर गेला. आता पाळण्याची ती जुनी खोड डोके वर काढू लागली. स्प्रिंग धक्का गिळते खरी, पण गिळलेला धक्का ती परत देते. गाडी एकदा उडाली की चार वेळा उडते. पाट्यांमध्ये पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे ही उडी थोडी मरते. वळ्यांच्या स्प्रिंगेत तेवढेही घर्षण नसते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये त्रुफो आणि अमेरिकेत हार्टफर्ड यांनी घासणाऱ्या तबकड्यांचे एक साधन आणले. पुढे तबकड्यांच्या जागी तेल आले. नळकांड्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके, त्यांतून तेल जबरदस्तीने जाते आणि उडीची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. हाच शॉकॲब्सॉर्बर, आपले मेस्त्री म्हणतात तो 'शॉकअप'.

या नावाने मात्र मोठा घोटाळा केला आहे. धक्का खाते ती स्प्रिंग. शॉकअप धक्का खात नाही, तो स्प्रिंगेचे नाचणे थांबवतो. गाडीचे वजन पेलते तीही स्प्रिंगच. सर्वसाधारण शॉकअप वजन पेलत नाही. म्हणून गाडी उभ्या उभ्या बसत असेल तर शॉकअप बदलून ती उठायची नाही. आणि गाडी नाचत असेल तर पाटे वाढवून नाच थांबायचा नाही, उलट वाढेल. माझ्या भावाचे नेमके येथेच चुकले. हॉलंडमध्ये १८५७ पासून घोड्यांचे साज आणि खोगिरे बनवणारे एक घराणे होते, दे कोनिंग नावाचे. विसाव्या शतकात त्यांनी घोडे सोडून शॉकॲब्सॉर्बर बनवायला घेतले. तीच आजची कोनी कंपनी. घोडा आवरणारे लोक स्प्रिंग आवरू लागले, असेच म्हणायचे. काम एकच, लगामाचे.

गाडी कारखान्यातून घेतल्यावर वरून सामान बसवण्याचा धंदा केव्हा फोफावला, तेही पाहू. १९०८ मध्ये हेन्री फोर्डने 'मॉडेल टी' ही मोटार काढली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटीच्या वर गाड्या निघाल्या. तिला पुढे एक आणि मागे एक अशा दोनच आडव्या कमानी होत्या, आणि कारखाना शॉकॲब्सॉर्बर देत नसे. खेड्यातल्या शेतकऱ्याने ती घेतली आणि खड्ड्यांतून चालवली, तेव्हा त्याला कळले की काहीतरी कमी आहे. मग इंडियानापोलिस शहरातल्या हॅसलर याच्यासारखे लोक पुढे आले. त्यांनी कमानीच्या टोकाशी बसवायच्या जादा वळ्यांच्या स्प्रिंगा विकल्या, आणि गंमत अशी की, त्यांना नाव दिले 'शॉकॲब्सॉर्बर'! म्हणजे नावाचा घोटाळा या बाजाराच्या बाळपणापासूनचा आहे. टपालाने माल पाठवणाऱ्या मोठ्या दुकानांच्या यादीत मॉडेल टीच्या सामानाची पाने भरलेली असत. गिऱ्हाईक गरजू, माल चकचकीत आणि सांगणारा विकणाराच. आजही चित्र फारसे बदललेले नाही.

कुटुंबाची लांब गाडी, जिला स्टेशन वॅगन म्हणतात, तीही याच काळातली. रेल्वे स्टेशनावरून उतारू आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलात नेण्यासाठी मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी पेटी बसवीत. १९२९ मध्ये फोर्डने आपल्या 'मॉडेल ए' गाडीची स्टेशन वॅगन स्वतःच काढली. १९४६ मध्ये विलीज कंपनीने जीपची पोलादी अंगाची स्टेशन वॅगन आणली. त्याच विलीज जीपच्या जुळणीचे काम मुंबईत महिंद्रांनी सुरू केले आणि आपल्या खेड्यांतल्या कितीतरी पिढ्या त्या जातीच्या गाड्यांतून लग्नाला आणि बाजाराला गेल्या.

या गाडीपुढे एक वेगळीच अडचण असते. साधी मोटार रिकामी असो की भरलेली, फरक थोडा. लांब गाडीत मात्र कधी एकटा चालक, तर कधी आठ माणसे, धान्याची पोती आणि वर कॅरिअरवर गाठोडी. आणि हा सगळा जादा भार पडतो बहुतेक मागच्या चाकांवर. स्प्रिंग मऊ ठेवावी तर भरल्यावर बसते. कडक करावी तर रिकामी उडते. कुटुंबाच्या गाडीचा खरा पेच हा आहे.

शिक्षकबंधूंनो, हा पेच वर्गात दाखवता येतो. पंचवीस सेंटीमीटर दोऱ्याला दगड बांधून झोका द्या. जाऊन परत यायला त्याला जवळजवळ एक सेकंद लागतो. मिनिटाला साठ झोके. जी स्प्रिंग वरच्या वजनाने पंचवीस सेंटीमीटर दबते, ती गाडीसुद्धा मिनिटाला साठच झोके घेते. गणित एकच आहे. आता दोरा सव्वासहा सेंटीमीटर करा, म्हणजे चौथा हिस्सा. झोके दुप्पट, एकशेवीस होतील. तशी, चौपट कडक स्प्रिंग दुप्पट वेगाने हलते. माणसाच्या देहाला मिनिटाला साठ ते नव्वदच्या आसपासचे हेलकावे मानवतात; ते आपल्या चालण्याच्या ठेक्याजवळचे आहेत. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर साठाचे पंच्याऐंशी होतात. म्हणून पाटे वाढवताना आपण नुसती उंची वाढवत नाही, गाडीचा ठेका बदलतो.

हा ठेका नीट मोजून पाहिला तो मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरने. तो रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेला. १९३२ च्या सुमारास त्याने एक गाडी घेतली, तिच्या पुढे-मागे सरकती वजने लावली, स्प्रिंगा बदलल्या आणि बसणाऱ्यांना काय वाटते ते पाहिले. त्याला आढळले की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा थोडी मऊ हवी. कारण उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मग मागच्या. मागचा भाग उशिरा निघतो, पण त्याचा ठेका थोडा जलद असेल तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहते. तसे नसेल तर गाडी होडीसारखी पुढे-मागे डोलते. तोवरच्या मोटारींत बहुधा उलटे होते. १९३४ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्र झाली, त्यामागे ऑलीचा हा अभ्यास होता. आता पाहा, मागे जादा ओझे टाकले की मागचा ठेका मंदावतो आणि हा मेळ मोडतो. भरलेल्या गाडीत मुलांना ओकारी होते, तिचे एक कारण येथे आहे.

फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीने हा पेच दोन रीतींनी सोडवायचा यत्न केला. तिचा प्रमुख बुलांजे याने आपल्या इंजिनिअरांना शेतकऱ्यासाठी गाडी मागितली: दोन माणसे, पन्नास किलो बटाटे, आणि नांगरलेल्या रानातून गेली तरी टोपलीतली अंडी फुटायची नाहीत! युद्धामुळे ते काम लांबले आणि १९४८ मध्ये 'दोन घोड्यांची' ती साधी गाडी लोकांपुढे आली. तिच्या एका बाजूची पुढची आणि मागची चाके स्प्रिंगांनी एकमेकांशी जोडलेली होती. दुसरी रीत १९५५ ची. त्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात 'डी. एस.' ही गाडी मांडली गेली. तिच्यात पोलादी स्प्रिंगाच नव्हत्या. गोळ्यांमध्ये कोंडलेला वायू आणि त्यावर दाब देणारे तेल. ओझे वाढले की यंत्र आपोआप तेल भरी आणि गाडी पुन्हा आपल्या उंचीवर येई. पहिल्याच दिवशी बारा हजार मागण्या नोंदल्या गेल्याचे सांगतात. २२ ऑगस्ट १९६२ रोजी अध्यक्ष द गॉल यांच्या गाडीवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी त्यांची डी. एस. न उलटता निसटली. ही कल्पना पुढे मर्सिडीजने १९७८ पासून आपल्या लांब गाड्यांच्या मागच्या चाकांना दिली. मात्र असली यंत्रे महाग आणि दुरुस्तीला अवघड. सामान्य माणसासाठी स्वस्त उपाय निघाला तो हवेच्या पिशवीचा. अमेरिकेत १९४९ मध्ये निघालेल्या एअर लिफ्ट नावाच्या कंपनीने वळ्यांच्या स्प्रिंगेत बसणाऱ्या रबरी पिशव्या विकल्या. ओझे असेल तेव्हा हवा भरा, नसेल तेव्हा सोडा.

हा सारा इतिहास ऐकून भाऊ म्हणाला, "हे सगळं ठीक आहे, पण पाटे ठेवू की काढू?" बरोबरच आहे त्याचे! शेतकऱ्याला शेवटी बांधावरचे उत्तर हवे असते.

आम्ही पहिल्याने एक काम केले. पंढरपूरला जायची सगळी माणसे आणि सामान गाडीत भरले आणि गाडी वजनकाट्यावर नेली. उसाच्या गाड्या जातात तिथेच. काट्याने दोन हजार तीनशे दहा किलो दाखवले. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात भरल्या गाडीची मर्यादा होती दोन हजार दोनशे पन्नास. म्हणजे साठ किलो जादा. आणि सात आसनांच्या गाडीत आम्ही आठ जण होतो, ती चूक वेगळी. स्प्रिंग बिचारी खरे सांगत होती आणि आम्ही तिचे तोंड बंद करत होतो. मंडळी, येथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. पाटे वाढवल्याने गाडीची वजनाची मर्यादा वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच, आस तोच. एवढेच नव्हे, काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर मागची उंची पाहून ठरवणारी झडप असते. उंची कृत्रिम वाढवली की झडपेला वाटते गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक ढिला पडतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, गाडीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार मनाला येतील तसे करता येत नाहीत.

मग घाटात काय झाले? मागचे पाटे फार कडक, गाडी रिकामी, आणि शॉकअप पाहिले तर दोन्हींतून तेल गळून गेलेले. वळणावर मागची चाके जमिनीला धरूनच राहिली नाहीत. पुढे पकड आणि मागे नाही, असे झाले की मागचा भाग बाहेर फेकला जातो. त्या दिवशी आमच्या गाडीचे तेच झाले.

तेव्हा आम्ही क्रम असा लावला. आधी टायरातली हवा पुस्तकाप्रमाणे केली. मग रबरी बुश आणि सांधे तपासले. चार बुश चिरलेले निघाले. ते बदलताना मेस्त्रीला एकच विनंती केली की, शेवटचे आवळणे गाडी जमिनीवर उभी असताना करा. चाके लोंबत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नंतर वाढवलेले दोन्ही पाटे काढले. मूळ पाट्यांची उंची चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजली. ती सारखी आणि योग्य भरली, म्हणजे मूळ पाटे थकलेले नव्हते. थकलेले असते तर जोडीने बदलले असते, एकच नव्हे. शॉकअप मात्र चारही नवे, त्या गाडीसाठीच बनवलेले घेतले. शेवटी चाकांची अलाइनमेंट आणि पुढच्या दिव्यांचा रोख. कारण मागे बसलेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

शॉकअप गेले की नाही, हे घरी असे पाहावे: गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. गाडी वर येऊन शांत व्हावी. दोन-तीन वेळा नाचली तर लगाम सुटला, असे समजावे. ही परीक्षा ढोबळ आहे. नाचली नाही म्हणून शॉकअप निर्दोष, असे मात्र नाही. तेल गळते का, टायर ठिकठिकाणी खाल्ला गेला आहे का, हेही पाहावे.

आता, वाढीव सामान कधीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याची गाडी वजनाच्या मर्यादेत आहे, पण रोजच भरलेली असते, दूधवाला किंवा भाजीवाला म्हणा, त्याने थोडी कडक स्प्रिंग घ्यावी आणि तिच्या जोडीला शोभेल असा शॉकअपही घ्यावा. जोर वाढला की लगामही वाढला पाहिजे. ज्याची गाडी कधी रिकामी, कधी भरलेली, त्याला हवेची पिशवी बरी, कारण ती ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करता येते. आणि ज्याची गाडी वर्षातून दोनदाच भरते, त्याने वर्षभर हाडे खिळखिळी करून घेण्यापेक्षा त्या दोन दिवशी सामान कमी करावे. वळ्यांमध्ये रबराचे ठोकळे घालण्याचा उपाय स्वस्त दिसतो, पण त्याने स्प्रिंगेचे काही वळे कामातून जातात, उरलेल्यांवर ताण येतो. विकत घेण्याआधी विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत: हे सामान वजन पेलते की नाच थांबवते? आणि माझ्या गाडीत नेमके काय बिघडले आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न देता जो पहिल्याने किंमत सांगतो, त्याला नमस्कार करून पुढे जावे.

पंढरपूरला आम्ही गेलो. एक पोते आणि कॅरिअरवरची गाठोडी घरी राहिली, मी एस्.टी.ने गेलो. १९४८ मध्ये सुरू झालेल्या त्या लालपरीचे पाटे अजूनही एलियटच्या वंशातलेच आहेत. मागच्या बाकावर जागा मिळाली, त्यामुळे हूकचा नियम मला रस्ताभर तोंडपाठ होत गेला. मुक्कामावर पोहोचल्यावर आईला विचारले, "कसा झाला प्रवास?" ती म्हणाली, "मला झोप लागली होती रे."

गाडीला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र कोणते? तीनशे-साडेतीनशे वर्षे कातडे, पोलाद, रबर, तेल आणि हवा यांच्याशी माणसाने जी खटपट केली, ती आईला गाडीत झोप लागावी एवढ्याचसाठी. आपल्या गाडीचा धक्का घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पाठीने मोजावा, आणि तिचे ओझे काट्यावर मोजावे. ही दोन मापे घेऊन मगच दुकानाची पायरी चढावी.